नानांच्या मिराजचं झाकण: विमानाच्या मॉडेलचे नाजूक भाग रेझिनमध्ये छापताना

घर बदलताना नानांच्या मिराजचे, म्हणजे त्या लढाऊ विमानाच्या मॉडेलचे, चार तुकडे गेले. डाव्या मुख्य चाकाचं झाकण, नाकाच्या टोकाची पिटो नळी (वेग मोजायची), हवेत इंधन घ्यायची नळी आणि इंजिनाला हवा देणाऱ्या डाव्या तोंडाजवळचा छोटा पंख. ग्वाल्हेरच्या चिटणीस की गोठमधल्या जुन्या घरातून थाटीपूरला यायला टेम्पोच्या तीन फेऱ्या झाल्या. त्यातल्या कुठल्या फेरीत खोकं दबलं, ते कळलं नाही.

नाना महाराजपूरच्या हवाई तळावर स्टोअरमध्ये सिव्हिलियन नोकरीला होते. वायुदलात मिराज २००० दाखल झालं १९८५ साली. तेव्हापासून ग्वाल्हेर आणि मिराज ही जोडी आहे. १९९९ मध्ये कारगिलला आणि २०१९ मध्ये बालाकोटला गेलेली मिराजं याच तळाची. मी सहावीत असताना नानांनी हे १:७२ चं किट बांधलं. खरं विमान १४.३६ मीटर लांब, मॉडेल जेमतेम वीस सेंटिमीटर. पंखांचा पसारा ९.१३ मीटरचा, म्हणजे मॉडेलवर पावणेतेरा सेंटिमीटर. तेवढ्या जागेत नानांनी बसवलेलं एकेक झाकण मला आठवतं, कारण चिमट्यात धरलेला भाग त्यांच्यापुढे करायचं काम माझं होतं.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. मेणात दात कोरणं, कॅप बनवणं, कवळीची मांडणी यांत बावीस वर्षं गेली. गेली काही वर्षं लॅबमध्ये दातांची मॉडेलं रेझिन प्रिंटरवर निघतात. यात पातळ रेझिन पडद्यातून उजेड पडेल तिथे घट्ट होतं आणि भाग थराथराने, वर उचलल्या जाणाऱ्या प्लेटला चिकटून तयार होतो. ते काम हातात बसल्यावर एक लहान यंत्र मी घरी घेतलं. त्यामुळे खाली जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं दातांच्या कामातून आलेलं आहे. सगळ्यात आधी सांगायची गोष्टही तिथलीच. कॅप जिथे हिरडीला भेटते तिथली कड कागदासारखी पातळ असते आणि चावायची जागा जाड. बघणाऱ्याला कड दिसते, जोर जाड भाग सोसतो. विमानाचा भाग छापतानाही हेच धरून चाला. हुबेहूब मापाच्या मागे लागलात तर भाग यंत्रातून बाहेर येईपर्यंतच तुटेल.

हिशेब करून बघा. खऱ्या विमानावरचा ३ मिलिमीटरचा पत्रा ७२ ने भागला की ०.०४ मिलिमीटर उरतो. माझ्या प्रिंटरच्या पडद्याचा एक पिक्सेल ०.०३५ मिलिमीटरचा आहे. म्हणजे तो पत्रा छापायला माझ्याकडे एकच पिक्सेल. तेवढा पत्रा यंत्र उभा करू शकत नाही, केलाच तरी धुताना विरघळल्यासारखा नाहीसा होतो. माझ्या अनुभवात सगळीकडून मोकळी पातळ भिंत ०.४ मिलिमीटरला भरवशाची, ०.३ ला नशिबाची. म्हणून झाकणाचा मधला भाग मी ०.४५ ठेवते आणि कडेचा शेवटचा एक मिलिमीटर आतल्या बाजूने उतरता करत ०.१५ पर्यंत नेते. बाहेरून बघणाऱ्याला ०.१५ चीच कड दिसते.

छापायचं काय, आणि काय नाही

चारही भाग छापायचे असं ठरवून बसू नका. मी अडीचच छापले.

पिटो नळी रेझिनमध्ये करूच नये. नाकाच्या टोकावर बाहेर आलेली ती बारीक सुई पुसायचं फडकं लागलं तरी मोडते. इथे इंजेक्शनच्या सुया कामाला येतात. २३ गेजची सुई बाहेरून ०.६४ मिलिमीटर असते, आतून साधारण ०.३४. दातांना भूल देताना वापरतात ती ३० गेजची सुई बाहेरून ०.३१ मिलिमीटर, म्हणजे ती २३ च्या पोटात बरोबर सरकते. एकात एक घातलेल्या या दोन सुयांनी मागे जाड, पुढे बारीक अशी पायरीची नळी तयार होते. सुया नव्या, न वापरलेल्या घ्या आणि टोक आधी कापून टाका. पकडीने कापू नका, भोक चेपतं. बारीक कटिंग डिस्कने खाच पाडा आणि मग हलकेच मोडा. कापताना डोळ्यांना चष्मा हवाच, कारण उडालेला तुकडा शोधूनही सापडत नाही.

इंधनाच्या नळीचं काम अर्धं धातूचं, अर्धं रेझिनचं. मिराजवर ही नळी वैमानिकाच्या काचेपुढे, नाकाच्या उजव्या अंगाला असते आणि तिला बाक असतो. तिची दांडी मी पितळी तारेची केली. सराफ्यात एक कारागीर भोकांच्या पट्टीतून तार ओढून हवी तेवढी बारीक करून देतात. त्यांच्याकडून ०.८ मिलिमीटरची हातभर तार घेतली, ती कितीतरी मॉडेलांना पुरेल. रेझिनमध्ये छापलं ते फक्त पुढचं तोंड आणि मागे अंगाला चिकटणारी फुगीर बैठक. दोन्हींत तारेसाठी भोक ठेवलं.

चाकाचे पाय छापायचा मोह टाळा. रेझिन कडक दिसतं, पण सतत भार पडला की महिनोन् महिने हळूहळू वाकत राहतं. छापायचाच असेल तर मधे स्टीलची तार घाला. आमच्या गावात सतारीची तार मिळायला अडचण नाही, वाद्यांच्या दुकानात कॅलिपर घेऊन जा आणि मोजून घ्या. मला ०.३ मिलिमीटरची मिळाली. वैमानिकाची काचही छापू नका, पारदर्शक रेझिन कितीही घासलं तरी काचेसारखं होत नाही आणि उन्हाने पिवळं पडतं.

राहिलं झाकण आणि छोटा पंख. हे दोन्ही रेझिनचेच.

माप

डावं झाकण हरवलं, पण उजवं जागेवर आहे. ते उपसून काढायचं नाही, नानांच्या हातचा गोंद आहे तो. त्यावर मी रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी हलक्या हाताने दाबली, नखाने कड उठवली, धारदार ब्लेडने कडेकडेने कापली आणि पट्टी सोलून आलेखाच्या कागदावर चिकटवली. जुना रंग उचलला जाऊ नये म्हणून पट्टी आधी तळहातावर दोन-तीनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करून घ्या. कागद स्कॅनरवर १२०० डीपीआयला स्कॅन केला. त्यात एका मिलिमीटरला ४७ पिक्सेल पडतात, म्हणजे केसाएवढा फरकही दिसतो. आलेखाच्या चौकटी शेजारी असल्यामुळे माप चुकायला जागा नाही. आणि हे चित्र आरशासारखं उलटं केलं की डावं झाकण हातात.

झाकणाचा बाक पट्टीवर कळत नाही. त्यासाठी आम्ही दातांचं माप घेतो ते पातळ सिलिकोन वापरलं. उजव्या झाकणावर आणि शेजारच्या अंगावर थोडं पसरलं, पाच मिनिटांनी काढलं, ब्लेडने मधोमध आडवं कापलं. कापलेल्या तोंडावर बाक जसाच्या तसा दिसतो, तोही स्कॅन केला. तुमच्याकडे सिलिकोन नसेल तर जाड कागदाचे तुकडे कापत कापत बाकाला बसतील असे करा. शिंपी मुंढ्याचा बाक कागदावर बसवून बघतो, तसंच. छोट्या पंखाचं मापही सिलिकोननेच घेतलं.

फोटोवरून माप घेणार असाल तर मोबाइल जवळ नेऊ नका. जवळून काढलेल्या फोटोत पुढचं मोठं, मागचं लहान येतं. दोन मीटर लांब उभं राहा, झूम करा, आणि मोजपट्टी भागाच्या बरोबरीच्या पातळीवर धरा.

रेखाटन मी संगणकावर फ्रीकॅड या प्रोग्राममध्ये करते, तो फुकट मिळतो. ब्लेंडरही चालेल, पण मापाच्या भागांना फ्रीकॅड बरं, कारण नंतर एक आकडा बदलला की सगळा भाग आपोआप बदलतो. आमचं झाकण १६.२ बाय ८.४ मिलिमीटर भरलं. बिजागराच्या कडेवर ०.५ मिलिमीटरची दोन भोकं ठेवली, ०.३ ची तार घालण्यासाठी. एवढी ऐसपैस का, ते पुढे येईल. पत्र्यांच्या जोडाच्या रेघा ०.१२ रुंद आणि तेवढ्याच खोल कोरल्या. मापाच्या हिशेबाने त्या जास्त आहेत, पण प्रायमर आणि रंगाचे थर बसल्यावर त्याहून बारीक रेघ बुजते.

यंत्राची परीक्षा

एकेका थरावर उजेड पाडायचे रेझिनच्या बाटलीवर छापलेले सेकंद धरून नाजूक भाग छापायला घेऊ नका. ते आकडे जाडजूड खेळण्यांना पुरतात. आपल्या यंत्राचे, आपल्या रेझिनचे सेकंद आपणच काढायचे.

मी एक फणी काढून ठेवली आहे. एका पट्टीवर ०.२ पासून ०.८ पर्यंत जाडीच्या उभ्या काड्या, आणि शेजारच्या पट्टीला ०.३ पासून १ मिलिमीटरपर्यंतची भोकं. ही फणी वेगवेगळ्या सेकंदांना छापायची. उजेड जास्त झाला की काड्या जाड निघतात आणि भोकं बुजतात. कमी झाला की बारीक काड्या गायब होतात, उरलेल्या मऊ आणि वाकड्या. काडीची जाडी आणि भोकाची रुंदी दोन्ही रेखाटनाच्या जवळ येतात तो सेकंद आपला. माझ्या यंत्रावर ०.०३ मिलिमीटरच्या थराला २.१ सेकंद बसले. तुमचे वेगळे येतील. बरोबर सेकंदांनाही भोकं थोडी बुजतातच, कारण उजेड कडेला पाझरतो. म्हणून ०.३ च्या तारेला ०.५ चं भोक.

रेझिन निवडताना साधं, स्वस्त रेझिन नाजूक भागांना घेऊ नका. ते काचेसारखं तुटतं. मी एबीएस या चिवट प्लॅस्टिकसारखं म्हणून विकतात ते घेते आणि त्यात वजनाने पाचवा हिस्सा लवचीक रेझिन मिसळते, दोन्ही एकाच कंपनीचं. अशा झाकणाला नख लागलं तर ते वाकतं आणि परत सरळ होतं. लवचीक जास्त घातलं की कडा गोल होतात आणि घासताना रबरासारखं लागतं. मिश्रण केलं की फणी पुन्हा छापायची.

ग्वाल्हेरच्या हवेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझे सुरुवातीचे बरेच भाग हवेनेच घालवले. जानेवारीत इथे धुकं चार-चार दिवस उठत नाही आणि खोलीत पारा दहाच्या आसपास असतो. त्या थंडीत रेझिन मधासारखं घट्ट होतं. प्लेट वर उचलली की खालची जागा भरायला त्याला वेळ लागतो. ती भरायच्या आत उजेड पडला की थर अर्धवट जमतो. रेझिनला २२ ते २८ अंश आवडतात. बाटलीचं झाकण घट्ट लावून ती अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा, मग चांगली हलवा, मग ओता. यंत्राचं कव्हर जुन्या ब्लँकेटने लपेटा, हवा खेळायच्या जाळ्या तेवढ्या मोकळ्या सोडा. आणि प्रत्येक थराआधी थांबायची वेळ वाढवा. उन्हाळ्यात मी एक सेकंद ठेवते, थंडीत तीन. खोली गरम करायला शेगडी किंवा लाल तारेचा हीटर लावू नका. भाग धुवायचं आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, शेजारी असतं आणि त्याची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेते. उदबत्तीसुद्धा त्या खोलीत नको.

मे महिन्यात उलटं. पंचेचाळीस अंशांत रेझिन पाण्यासारखं वाहतं, ते चांगलंच, पण यंत्राचा पडदा तापतो. तेव्हा मी रात्री अकरानंतर छापते. वीज जाते म्हणून यंत्र इन्व्हर्टरवर ठेवलं आहे. मधेच थांबून पुन्हा सुरू झालेल्या भागावर आडवी रेघ उमटते, आणि झाकणासारख्या गुळगुळीत भागावर ती लपत नाही.

उभं कसं करायचं

पहिलं झाकण मी प्लेटवर सपाट निजवलं. वाटलं, एवढंसं आहे, सपाटच बरं. तळाचे थर घट्ट चिकटावेत म्हणून त्यांना जास्त उजेड मिळतो, त्यामुळे ते दबून पसरतात. माझी उतरती कड पार गेली, आणि सुरीने उचलताना झाकण मधे चिरलं. तेव्हापासून भाग प्लेटपासून पाच मिलिमीटर वर, आधारांवर.

यंत्र प्रत्येक थर रेझिनच्या टाकीच्या तळाच्या पातळ फिल्मला चिकटवतं आणि सोलून काढतं. झाकण आडवं असेल तर एका थरात मोठी जागा जमते आणि सोलताना ओढ जास्त बसते. उभं असेल तर थर चिंचोळा, ओढ कमी. म्हणून झाकण जवळजवळ उभं करा, पंधरा-वीस अंश कललेलं, बाहेरची बाजू वर येईल असं. आधार सगळे बिजागराच्या कडेला आणि आतल्या अंगाला द्या. बाहेरच्या अंगावर एकही नको. आधाराचं टोक जिथे भागाला टेकतं तिथे ०.२५ मिलिमीटर पुरे, पण अगदी खालच्या कोपऱ्यावर एक-दोन आधार जाड असू द्या, सगळं वजन सुरुवातीला तेच पेलतात. रेखाटनाचे थर पाडणाऱ्या लिची किंवा चिटूबॉक्स या प्रोग्राममध्ये थर एकेक करून वरपर्यंत सरकवा आणि बघा, कुठे एखादा ठिपका हवेत एकटाच सुरू होतो आहे का. असा ठिपका दिसला की तिथे आधार हवाच. नाहीतर तो फिल्मवर पडून राहतो आणि पुढचं सगळं बिघडवतो. आपोआप आधार देणाऱ्या बटणावर विसंबू नका, त्याला कुठली बाजू दिसणार हे माहीत नसतं.

नळीच्या तोंडासारख्या बारीक गोष्टींसाठी मी पिंजरा करते. भागाच्या भोवती एक मिलिमीटर जाडीचे चार खांब आणि वर एक चौकट, भाग मधे दोन-तीन बारीक दुव्यांनी लटकलेला. सोलायची ओढ, धुताना बसणारे धक्के, चिमट्याची पकड, सगळं पिंजरा सोसतो. रंग देईपर्यंत तो धरायच्या मुठीसारखाही वापरता येतो.

आणि एकच झाकण छापू नका. हे यंत्र अख्खा थर एकदम उजळतं, त्यामुळे एक भाग छापा किंवा आठ, वेळ तेवढाच. वेळ ठरतो उंचीवर. आमचं झाकण आधारांसकट २० मिलिमीटर उंच, ०.०३ च्या हिशेबाने ६६७ थर, एकेका थराला नऊ सेकंद, म्हणजे शंभर मिनिटं. त्यात मी आठ झाकणं लावली, चार वेगवेगळ्या कलांनी, आणि त्यातली तीन मनासारखी निघाली. उचलायचा वेग कमी ठेवा, मिनिटाला ५० मिलिमीटरच्या आसपास.

हात, नाक आणि नाला

हा भाग वाचायचा टाळू नका. कच्चं रेझिन कातडीवर बसलं तर काही जणांना ॲलर्जी होते आणि ती एकदा झाली की जन्मभराची. आमच्या धंद्यात ॲक्रिलिकच्या द्रवाने बोटांच्या टोकांना चिरा पडलेले लोक मी पाहिले आहेत, माझ्याही डाव्या हाताची दोन बोटं त्यात गेली आहेत. पातळ लॅटेक्सचे हातमोजे यातून वाचवत नाहीत, हा द्रव त्यांच्यातून लवकर पार होतो. नायट्राइलचे घ्या, आणि रेझिन लागलं की लगेच बदला. ते मोजे घालून मोबाइल, दाराची कडी, डोळे यांना हात लावू नका. कातडीवर पडलंच तर आयपीएने पुसू नका, त्याने ते आणखी आत जातं. साबण आणि पुष्कळ पाणी.

साधा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. खिडकी उघडी आणि पंखा बाहेर फेकणारा हवा. स्वयंपाकघर, देवघर, मुलांची खोली यांत हे काम नको. मी गच्चीवरच्या खोलीत करते.

धुतल्यानंतरचं गढूळ आयपीए मोरीत ओतू नका. आमच्याकडे शहराची सगळी घाण स्वर्णरेखा नदीत जाऊन पडते, तिथे आणखी हे नको. पारदर्शक बरणीत बंद करून उन्हात ठेवलं की विरघळलेलं रेझिन गोठून तळाशी बसतं. वरचं निवळ गाळून पहिल्या धुण्याला पुन्हा घ्या. तळाचा गाळ उघड्यावर पूर्ण सुकून कडक झाला की मगच कचऱ्यात. पुसलेले कागद आणि मोजेही आधी उन्हात.

धुणं, आधार तोडणं, पक्कं करणं

दोन बरण्या ठेवा. पहिलीत वापरलेलं आयपीए, दुसरीत स्वच्छ. प्रत्येकीत दोन मिनिटं, मऊ ब्रशने हलवत. पातळ भाग दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवले तर ते आयपीए पितात, फुगतात आणि सुकताना मुरडतात. तारेच्या भोकांत इन्सुलिनच्या सिरिंजने आयपीए मारा. आत अडकलेलं कच्चं रेझिन दिसत नाही, पण महिन्यांनी तिथूनच तडा जातो किंवा रंगाखालून चिकट थेंब बाहेर येतो.

मग पूर्ण सुकू द्या. मी अर्धा तास पंख्याखाली ठेवते. ओलसर भाग उजेडात गेला तर पांढरे डाग पडतात.

आधार पक्कं करण्याआधी तोडायचे. भाग अजून थोडा मऊ असतो, तेव्हा आधार खड्डा न पाडता सुटतो. पन्नास अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा आणि सपाट तोंडाच्या कटरने एकेक कापा, भागापासून जरा लांबून. ओढून तोडू नका. उरलेला ठिपका नंतर घासता येतो, पण पडलेला खड्डा भरत बसावा लागतो. या मऊ अवस्थेत झाकण मुरडलेलं दिसलं तर तेही आत्ताच सरळ होतं. पाण्यातून काढून योग्य बाकाच्या कशावर तरी धरा, गार होईपर्यंत. मी पेनाच्या टोपणावर धरलं.

पक्कं करायला ४०५ नॅनोमीटरचा दिवा असेल तर उत्तम. नसेल तर मे महिन्याचं ग्वाल्हेरचं ऊन आहेच, एवढ्याशा भागाला एका अंगाने पाच मिनिटं आणि दुसऱ्या अंगाने पाच. जास्त ठेवू नका, जास्त उजेडाने रेझिन ठिसूळ होतं. एकाच अंगाने ऊन दिलं तर पातळ झाकण त्या अंगाला वळतं, म्हणून मधे पालटायचं. खिडकीच्या काचेमागून दिलेलं ऊन कमी पडतं, बाहेर ठेवा.

घासायला ८०० आणि मग १५०० चा वॉटर पेपर, पाणी लावूनच. कोरड्या घासण्याची धूळ फुफ्फुसात जाते, तिथे मात्र धुळीचा मास्क उपयोगी आहे.

बसवणं

प्लॅस्टिकच्या किटचा नेहमीचा गोंद, ज्याला सिमेंट म्हणतात, इथे चालत नाही. तो किटचं पॉलिस्टायरीन प्लॅस्टिक विरघळवून सांधतो, आणि पक्कं झालेलं रेझिन कशातच विरघळत नाही. सुपरग्लू लागतो, किंवा वेळ हवा असेल तर दोन भागांचा इपॉक्सी. नाजूक कडेला फक्त गोंदाचा भरवसा धरू नका. झाकणाच्या दोन भोकांत ०.३ ची तार अडकवा, विमानाच्या अंगात ०.४ च्या ड्रिलने दोन भोकं पाडा. ड्रिल हातातल्या चकमध्ये धरून बोटांनी फिरवा. मोटरचं ड्रिल जुनं प्लॅस्टिक वितळवतं. आधी गोंदाशिवाय बसवून बघा, दोनदा. गोंद सुईच्या टोकाने द्या, बाटलीच्या नळीने नाही. सुपरग्लूच्या वाफेने आसपासच्या रंगावर पांढरी साय धरते, म्हणून फुंकर घालत राहा आणि काचेच्या पेटीत लगेच बंद करू नका.

प्रायमर लावण्याआधी भाग एकदा आयपीएच्या बोळ्याने पुसा, मग दोन पातळ थर. एक जाड थर दिलात तर एवढ्या कष्टाने आणलेली ०.१५ ची कड त्याखाली गोल होईल. रंग नव्या झाकणाचा जुन्या विमानाशी जुळणार नाही. नानांचा रंग तीस वर्षांत थोडा पिवळसर झाला आहे. मी करड्यात सुईच्या टोकाएवढा पिवळा मिसळत गेले, दर वेळी ठिपका सुकवून शेजारी धरत. सहाव्या ठिपक्याला जमलं.

झाकण बसवायच्या दिवशी नाना शेजारी बसले होते. भिंग घेऊन त्यांनी दोन्ही चाकं बघितली आणि म्हणाले, "अगं, डावं जरा जास्त उघडलंय. उजव्याला कोन बघ." गोंद अजून धरला नव्हता. आगपेटीची एक काडी उजव्या झाकणाखाली घालून उंची घेतली, तीच डाव्या झाकणाखाली सरकवली, आणि ते टेकेपर्यंत खाली आणलं. नाना काडी धरून बसले, मी गोंदाचा दुसरा ठिपका दिला.

उरलेली दोन चांगली झाकणं लॅबमधल्या दातांच्या डबीत ठेवली आहेत. डबीवर चिठ्ठी आहे: मिराज, डावं मुख्य चाक, ०.०३, २.१ सेकंद, पाचवा हिस्सा लवचीक, मे.